चटणीचा डबा अर्धाच पाठवतोय

सोलापूर,
रविवार

चि. ताईस,
आप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर जावईबापूंच्या कंबरदुखीचं सांगितलंस. शेवटी म्हणालीस, "आता त्यांनी मनावर घेतलंय, दोन महिन्यांत 12 किलो उतरवणार, सोमवारपासून जिम." मी नुसतं "बरं बरं" म्हटलं आणि फोन आईकडे दिला. जावयाला फोनवर शहाणपण शिकवणं माझ्याच्यानं होत नाही. त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. पण यातली एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी आहे.

तुझ्या वास्तुशांतीला मी आलो नाही. कारखान्यात ऑडिट आहे म्हणून कळवलं होतं. ऑडिट नव्हतं. मी घरात आडवा पडून होतो आणि कुशीवर वळायलासुद्धा तुझ्या आईचा हात लागत होता.

कंबर पहिल्यांदा गेली ती त्याच्याआधी, दिवाळीच्या स्टॉक मोजणीत. टॉवेलांची गाठ थोडी बाजूला घ्यायची होती, हमाल चहाला गेलेले. 56 वर्षं वय, 92 किलो वजन, जन्म गेला खुर्चीवर रोजमेळ लिहिण्यात, आणि मी वाकून गाठ ओढली. कळ कंबरेतून निघाली ती थेट अंगठ्यापर्यंत. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी. एमआरआयमध्ये दिसलं, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबली गेलीय. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरं होतं, नुसतं पडून राहू नका, आणि वजन उतरवा. हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

दोन महिन्यांनी दुखणं कमी झालं आणि मला घाई सुटली. रात्रीचं जेवण बंद केलं. पहाटे उठून 12 सूर्यनमस्कार, शाळेत घालायचो तसे. तीन आठवड्यांत 4 किलो उतरलं, तर मी अख्ख्या कारखान्याला सांगत सुटलो! चौथ्या आठवड्यात एका सकाळी वाकलो तो तसाच अडकलो. पुढं वाकलं की त्या गादीवर दाब वाढतो, हे फिजिओथेरपीवालीनं नंतर समजावलं. माझ्यासारख्याला तेव्हा सूर्यनमस्कार चालणारच नव्हते. कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. त्यानंतर आठ दिवसांनी तुझी वास्तुशांत होती. गावभर बढाई मारून झालेली, आता लेकीला काय तोंडानं सांगू, म्हणून ऑडिट.

(मध्ये एक गंमत. आमच्या कारखान्यातला एक जण पायाळू आहे, त्याची लाथ कंबरेत खाल्ली की लचक जाते म्हणे. मी तीही खाऊन पाहिली. आईला अजून ठाऊक नाही, तू सांगू नकोस. आणि जावईबापूंसाठी असला कुणी शोधू तर मुळीच नकोस.)

दुसऱ्या खेपेला मात्र मी माझ्या पद्धतीनं गेलो, म्हणजे वही उघडली. जमेला खाणं, नावे चालणं. पहिली नोंद तेलाची. दोन माणसांच्या घरात महिन्याला 3 किलो तेल! आईला म्हटलं, दीड किलो आण आणि तेवढ्यातच भागव. ती चार दिवस बोलली नाही, मग तिनंच फोडणीसाठी चहाचा चमचा डब्यात ठेवला. आता ताळा बघ. दीड किलो वाचलं, माणशी पाऊण किलो, म्हणजे रोजचं 25 ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणून रोजच्या 225, महिन्याच्या पावणेसात हजार. अंगावरची किलोभर चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. उपाशी न राहता, घाम न गाळता, महिन्याला जवळजवळ एक किलो निव्वळ कढईतून उतरलं.

दुसरी नोंद शेंगाचटणीची, ती लिहिताना हात अडखळला. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच. मूठभर दाण्यांच्या 170 कॅलरी, आणि मी अर्धा तास चालून जाळतो त्या जेमतेम 150. म्हणजे जेवताना सहज चिमटीचिमटीनं संपवलेल्या चटणीनं माझी पहाट खाल्ली! चटणी सोडली नाही, सोलापुरात राहून कोण सोडेल? पण आता ताटात एक चमचा येतो आणि डबा वरच्या फळीवर जातो. ज्वारीची भाकरी तशीच आहे, चारच्या दोन झाल्या. जागा मटकीच्या उसळीनं, काकडीनं आणि कांद्याच्या पातीनं भरली. चहा सहाचे दोन केले. त्याबद्दल लिहीत नाही, अजून दुःख आहे.

चालणं सुरू झालं गल्लीच्या टोकापर्यंत. महिन्याभरानं हुतात्मा बाग, मग तळ्याच्या बाजूनं. उन्हाळ्यात साडेपाचला निघायचं, सातनंतर सोलापुरात चालणं म्हणजे भट्टीत पाय ठेवणं. घरी आलो की फिजिओथेरपीवालीचे तीनच व्यायाम. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, हा त्यातला माझा आवडता. तिच्या म्हणण्याप्रमाणे पोट कण्याला पुढं ओढत असतं आणि मागचे स्नायू दिवसभर ते तोलून दमतात. पोट हलकं करायचं आणि मागचे मजबूत, दोन्ही बरोबरीनं.

खरी परीक्षा पाण्याच्या दिवशी. चार-पाच दिवसांनी नळ येतो, तेव्हा घरात बादल्यांची पळापळ तुला आठवत असेल. आता मी दोन्ही हातांत अर्धी-अर्धी बादली घेतो, गुडघ्यात वाकून, बादली अंगाजवळ धरून. शेजारचे हसतात.

वैशाखापासून दीड महिना वजनाचा काटा जागचा हलला नाही. वही चार वेळा तपासली, नोंदी बरोबर होत्या. अंग हलकं झालं की त्याचा रोजचा खर्चही कमी होतो, म्हणून ताळा जुळत नव्हता. तेव्हा जेवण आणखी तोडावंसं फार वाटलं. तोडलं नाही, चालणं दहा मिनिटं वाढवलं. 13 महिन्यांत 92 चे 77 झाले. यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वजांमागं 68 लिंगांपैकी बऱ्याच ठिकाणी गेलो, मध्ये तीनदा बसलो.

जावईबापूंना एवढंच विचार, ही जिम डॉक्टरांना विचारून ठरवली का? आणि जांघेत बधिरपणा आला, लघवीवर ताबा राहिना किंवा पाय लुळा पडायला लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. लाजतील, म्हणून तूच विचारत जा.

पुढच्या रविवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतोय. घर मी अजून पाहिलं नाही. चटणीचा डबा आईनं भरला होता, मी अर्धा काढून ठेवला, जावईबापूंनी राग मानू नये. तीन जिने चढेन, पण बॅग उचलणार नाही. स्टेशनवर घ्यायला ये.

तुझे,
आप्पा