हसण्याची मुभा देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

बाबा गेल्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला ‘रडून मोकळी हो’ असे मायेने सांगितले. पण हसू आले तर हसावे, असे सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

समुपदेशनासाठी तुमच्याकडे आले असताना मी बाबांच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्याविषयी सांगू लागले. झाकणावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात ‘अत्यंत महत्त्वाचे’ असे लिहिलेले होते आणि आत बंद पडलेली पेने होती, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली : ‘चालत नाही. जपून ठेवणे.’ सांगता सांगता मला हसू फुटले, ते आवरेना आणि मी ओशाळून गप्प झाले. तुम्ही मात्र मनापासून हसलात आणि विचारलेत, “आणखी काय काय जपून ठेवायचे ते?” शेवटच्या आजारपणाआड गेलेले माझे बाबा त्या प्रश्नामुळे मला पुन्हा दिसू लागले.

मला अपराधी वाटते आहे, हे ओळखून तुम्ही डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ सालच्या अभ्यासाविषयी सांगितलेत. जोडीदाराच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी त्याच्याविषयी बोलताना जी माणसे खरेखुरे, म्हणजे डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतील असे हसली, त्यांना दुःखाचा जाच कमी जाणवत होता आणि इतरांशी त्यांचे संबंधही अधिक चांगले होते. हे ऐकून मनावरचे मोठे ओझे उतरले.

त्याहूनही मोलाचे वाटते, ते तुम्ही वेळीच सावध केलेत हे. स्वतःला हिणवून इतरांना हसवत राहायचे आणि त्याआड दुःख दडवायचे, हाही विनोदाचाच एक प्रकार आहे, पण तो मनाला पोखरतो, असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत. म्हणूनच माझे हसणे ओसरले की तुम्ही “आता कसे वाटते आहे?” असे विचारून थांबत होतात. कित्येकदा त्याचे उत्तर रडणे हेच असे आणि त्यालाही तुम्ही तितकाच वेळ दिलात.

बाबांचा विषय निघाला की आमच्या घरात सगळे गप्प होत असत. आता आईच त्यांची एखादी गंमत काढते, आम्ही हसतो, हसता हसता कधी रडतोही, पण बोलणे थांबत नाही. ताई, हे तुमच्यामुळे घडले. मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एक मुलगी