अधिवेशन हवेच, दरवर्षी नवे गीझर नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली हिवाळी अधिवेशनाच्या तयारीची बातमी वाचली. रंगरंगोटी, डागडुजी, नवे पडदे, नव्या गाद्या, नवे गीझर, सारे कौतुकाने छापले आहे. मागच्या खेपेला घेतलेल्या पडद्यांचे आणि गीझरचे काय झाले, हे आपल्या प्रतिनिधीने कुणालाच विचारलेले दिसत नाही. म्हणून हे पत्र.

अधिवेशन नागपुरात नकोच, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेला तो शब्द आहे आणि खर्चाचे निमित्त पुढे करून कुणी तो मोडू लागला तर त्याच्याविरुद्धही मी लिहीन. पण २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर एवढेच चालले, २०२५ चे ८ ते १४ डिसेंबर. आठवडाभराच्या मुक्कामासाठी खोल्यांमधले सामान दरवर्षी का बदलावे लागते?

मी एका शासकीय विश्रामगृहात भांडारपाल होतो. एका वर्षी गीझर बदलण्याचा आदेश आला. जुने काढल्यावर वायरमनकडून उघडून घेतले. कुणाचा थर्मोस्टॅट गेलेला, कुणाचे एलिमेंट क्षार बसून जळलेले. टाक्या ठणठणीत होत्या. दुरुस्तीची टिपणी ठेवली, तर लेखा शाखेतला सहकारी म्हणाला, "भाऊ, जुनं काहून दुरुस्त करता? अनुदान खर्च नाही झालं तर परत जाते, अन् पुढच्या वर्षी कापून येते." तो खोटे बोलत नव्हता. ३१ मार्चला न वापरलेला पैसा परत जातो आणि काटकसर करणाऱ्या कार्यालयाच्या वाट्याला पुढच्या वर्षी कमी रक्कम येते.

नवे गीझर लागले. जुने मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले, अंगावर खडूने लिहिलेल्या खोली क्रमांकांसकट. दोन पावसाळ्यांत गंजले आणि पुढे भंगार म्हणून किलोच्या भावाने लिलावात निघाले. यात कुणी पैसे खाल्ले, असे मी म्हणत नाही. प्रत्येक पावती होती, प्रत्येक सही जागेवर होती, त्यामुळे लेखापरीक्षणातही काही निघाले नाही. भ्रष्टाचाराचा गाजावाजा तरी होतो. हा खर्च नियमात बसतो, म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्या गीझरचा मला आजही संताप येतो, कारण तो पैसा आपल्या सर्वांच्या खिशातून गेला.

उपाय साधे आहेत. प्रत्येक शासकीय निवासाचे डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, संकेतस्थळावर टाका. जुन्या वस्तूचा तपासणी अहवाल जोडल्याशिवाय नव्या खरेदीला मंजुरी देऊ नका. किरकोळ दुरुस्तीचे अधिकार खाली द्या आणि वाचलेल्या पैशातला काही हिस्सा त्याच इमारतीच्या देखभालीला राहू द्या. अधिवेशनासाठी रस्त्यांच्या दुभाजकांना रंग देणाऱ्या कंत्राटदारावर वर्षभर ते स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी टाका, नाहीतर महिन्याभरात खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पिचकाऱ्यांनी ते पुन्हा लाल होतात आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा निविदा निघते.

आणखी एक. त्याच अंकात पहिल्या पानावर शासनाची पानभर जाहिरात होती. योजनेची माहिती दोन ओळींत आणि उरलेल्या पानावर छायाचित्रे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये शासकीय जाहिरातींत सध्याच्या पदाधिकाऱ्यांपैकी फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्या छायाचित्रांना मुभा दिली होती. केंद्र आणि काही राज्ये फेरविचार मागायला गेली आणि मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्र्यांनाही मुभा मिळाली. तेव्हा हे बेकायदा नाही, हे मला ठाऊक आहे. जाहिरातींवर वृत्तपत्र चालते, हेही समजते. पण माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे, अशा प्रत्येक जाहिरातीखाली तिच्यासाठी शासनाने किती रक्कम मोजली, तेवढी एक ओळ छापा. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहू नका.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल, त्रिमूर्ती नगर, नागपूर