बाई, 'गो' शिकवल्याबद्दल

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

सातारच्या वाचनालयामागच्या खोलीत, संध्याकाळी, एक पैसाही न घेता तुम्ही आम्हा मराठी माध्यमवाल्यांना इंग्रजी शिकवलंत. त्याबद्दल समोर बसून आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

'गो म्हणजे जाणे' हे आम्हाला पाचवीपासून पाठ होतं. तुम्ही अर्थांची यादी दिली नाहीत. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी एकट्या 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत. असल्या याद्या पाठ करून कुणाला बोलता येणार? तुम्ही शेजारचा शब्द बघायला लावलंत. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजला. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे मात्र दिवे गेले! माणूस 'गोज बाल्ड', 'गोज ब्लाइंड', 'गोज मॅड', पण स्वप्न 'कम्स ट्रू'. बिघडण्याकडे 'गो' आणि बऱ्याकडे 'कम' असा साधारण कल आहे, अपवाद पुष्कळ, हेही तुम्ही लगेच बजावलंत.

मला रोज उपयोगी पडतं ते 'गॉन' आणि 'बीन'. निर्यातीच्या ऑफिसात फोन मी घेतो. साहेब 'हॅज गॉन टू दुबई' म्हटलं की ते अजून तिकडेच आहेत; 'हॅज बीन टू दुबई' म्हटलं की जाऊन आलेत. पलीकडचा माणूस तेवढ्यावरून ठरवतो, थांबायचं की आत्ताच बोलायचं.

पण सगळ्यात मोठे उपकार वेगळेच. 'गो'चं 'वेंट' कसं होतं, असं एकाने वैतागून विचारलं, तेव्हा तुम्ही फळ्यावर शेजारी 'जातो' आणि 'गेला' लिहिलंत. 'वेंट' मूळचं 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं. आपलंही 'जाणे' संस्कृत 'या' धातूचं आणि 'गेला' 'गम्'चं. जे आपण जन्मापासून न अडखळता बोलतो, तेच तिकडे आहे म्हटल्यावर आमची भीती गेली. मराठी माध्यमात शिकलो म्हणून मान खाली घालायचं कारण नाही, हे मला त्या फळ्यावरून पटलं.

फरकही तुम्ही तितक्याच आपुलकीने सांगितलात. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इंग्रजीत तिथे 'आय ॲम कमिंग' म्हटलं तर समोरचा वाटच बघत बसेल. तिथे 'आय हॅव टू गो' म्हणायचं, त्यात अशुभ काही नाही.

तुमच्या अक्षरातल्या वाक्यांच्या झेरॉक्स मी जपून ठेवल्यात. धाकटी बहीण यंदा स्पर्धा परीक्षेला बसतेय, तिचा अभ्यास त्यावरच चाललाय. 'गेट' या क्रियापदाची पानं तेवढी सापडत नाहीत. दिवाळीत साताऱ्याला येतोय, तेव्हा तुमच्याकडून ती उतरवून घेईन म्हणतो. कधी येऊ ते कळवा.

आपला विद्यार्थी