दम धर नं बापा

आबाजी, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, चष्मा सापडला तरी नाही. नातवाकडून मोबाईलवर वाचून घ्याल. पोरांना पोहायला शिकवलंत त्याचे आभार असे चारचौघांत मानतेय, कारण पहिल्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले तेही चारचौघांतच, विहिरीच्या काठावर.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून आम्ही मेच्या सुरुवातीलाच पुण्याहून यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडे आलो. पारा 45 च्या आसपास. दिवसभर कूलरसमोर पडून मुलं चिडचिडी झाली होती. अकरा वर्षांचा पोरगा पाण्याला घाबरायचा. पुण्यातल्या पोहण्याच्या एका क्लासमध्ये त्याला शिकवणाऱ्याने मागून ढकललं होतं, तेव्हापासून तो बादलीतही तोंड बुडवेना. सात वर्षांची लेक मात्र दिसेल त्या पाण्यात पाय टाकणारी.

तुम्ही म्हणालात, "सकाळी सहाले वावरात पाठवा."

माझा हिशोब सरळ होता. बैलांच्या भाषेत बोलायचं तर पोराला तुतारीची टोचणी हवी आणि पोरीला आवरायला कासरा. तुम्ही नेमकं उलटं केलंत. पोरीच्या पाठीला तेलाची रिकामी पाच लिटरची कॅन बांधली, कमरेला दोर, आणि पहिल्याच सकाळी चौथ्या पायरीवरून उडी मारू दिलीत. दीड पुरुष पाणी! मी किंचाळले, नको ते बोलले. तुम्ही दोर सोडला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. "तिले अडोलं तर चोरून उडी मारन. त्याच्यापरीस माह्या डोळ्यादेखत मारू द्या."

मोटारचा फ्यूज तुमच्या खिशात होता हे मला चौथ्या दिवशी कळलं. मुलं पाण्यात उतरण्याआधी तो काढून घ्यायचा, बाहेर आली की परत लावायचा. ओल्या विहिरीत करंट उतरला तर काय होतं, ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. मला नव्हतं. ओरडण्याआधी एवढं तरी विचारायला हवं होतं.

आणि पोरगा? त्याला तुम्ही नुसतं पायरीवर बसवलंत. पाय पाण्यात, हातात भिजवलेले शेंगदाणे. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. त्याच्या बाबांनी एकदा "अरे, आता तरी उतर" म्हटलं, तर तुम्ही त्यांनाच गप्प केलंत. पोराला म्हणालात, "काहून घाबरतं बे? विहीर कोठी पयून नाही चालली. पाणी पाह्य आधी." नवव्या दिवशी तो आपणहून खालच्या पायरीवर गेला, नाक धरून बुडला आणि वर येऊन आधी तुमच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोरीचं शिक्षण मग सुरू झालं. तिला उडी येत होती, पण पाण्यात स्वस्थ राहता येत नव्हतं. हातपाय झाडून दमायची आणि रडायची. तिला उताणं तरंगायला लावून तुम्ही शंभर मोजायचात, मध्येच मुद्दाम चुकून पुन्हा एकपासून. "उडीले हिंमत लागते, वर याले दम लागते," म्हणायचात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापाचे नऊ दिवस, लागला तोवर दोघांच्याही पाठीवरची कॅन सुटली होती.

खरा धडा मात्र आमच्या नवऱ्याला मिळाला. निघायच्या तीन दिवस आधी, मृग लागल्या लागल्या, संध्याकाळी पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव सरकी टोबायला, म्हणजे कपाशीचं बी हाताने लावायला, वावरात. आमच्या वाट्याच्या दोन एकरांसाठी यांनी बियाण्याची पाकिटंही आणली, एकेक 800-900 रुपयांचं. तुम्ही विळ्याने माती उकरून दाखवलीत. "वल चारच बोटं हाय. जमीन अजून तपेल हाय. दम धर नं बापा." यांनी मोबाईल काढून बघितलं, तर कृषी विभागही 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असंच सांगत होता. मोबाईलचं लगेच पटलं, तुमचं पटायला वेळ लागला, हे त्यांच्या वतीने मीच कबूल करते.

गंमत म्हणजे तुम्ही स्वतः एका एकरात धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, करून बसला होतात! विचारलं तर हसलात. "एक एकर गेला तं जाऊ दे, चार राह्यले नं."

पुण्यातल्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, तुमच्याकडे महिन्याच्या शेवटी, त्यामुळे पोरं रडतच गाडीत बसली. आम्ही निघालो आणि पावसाने जी दडी मारली, ती पंधरा दिवस. किती जणांना दुबार पेरणी करावी लागली ते तुम्ही फोनवर सांगितलंत, त्यात तुमचा तो एकरही होता. आमची पाकिटं तेवढी तुमच्या कोठीत शाबूत राहिली आणि पुढच्या पावसावर तुम्हीच ती टोबून घेतलीत. मजुरीचा हिशोब अजून कळवला नाहीत. कळवा.

दिवाळीला येतोय. तेव्हा विहीर काठोकाठ असते म्हणे. पायरीवर आठ दिवस बसलेला पोरगा आता थेट काठावरून उडी मारायची म्हणतोय. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, पण मी त्याला सांगितलेलं नाही. ती तेलाची कॅन फेकू नका, पोरीने तिच्यावर आपलं नाव लिहून ठेवलंय.

तुमची,
पुण्याची सूनबाई