अडगळ नावाची फाईल

पुणे, रविवार रात्र

प्रिय संज्या,

परवा फोनवर म्हणालास ना, "तुझी ती अडगळ पाठव की!" पाठवायला म्हणून काल उघडली आणि दीड वाजेपर्यंत तिच्यातच अडकलो. साधी टेक्स्ट फाईल, कॉलेजपासून साठवलेली. निम्म्या लिंका मेल्यात. काही वेबॅक मशीनमधून, म्हणजे जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवरून, उकरून काढल्या, बाकीच्यांवर तुळशीपत्र ठेवलं.

सगळ्यात वर कबुतरं. आरएफसी (इंटरनेटचे नियम मांडणारी कागदपत्रं) ११४९, १ एप्रिल १९९०: इंटरनेटची पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, कबुतराच्या पायाला बांधून कशी पाठवायची, याचं अगदी गंभीर चेहऱ्यानं लिहिलेलं मानक. निव्वळ चेष्टा. पण २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सवाल्यांनी ते खरंच करून पाहिलं. 'पोचलं का?' विचारणारे नऊ पिंग सोडले, चार उत्तरं आली, त्यातलं सगळ्यात चपळ पन्नासहून जास्त मिनिटांनी. आपल्या होस्टेलचं नेट आठवलं ना?

मग केंब्रिजचं कॉफीचं भांडं. जिने तुडवून आल्यावर ते रिकामं दिसू नये म्हणून तिथल्या संशोधकांनी १९९१ मध्ये त्याच्यावर कॅमेरा लावला. दोन वर्षांनी ते चित्र वेबवर आलं. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला आणि ते बिघडलेलं यंत्र तुमच्याच हॅम्बुर्गच्या श्पीगल मासिकवाल्यांनी ३३५० पौंडांना घेतलं. हौसेला मोल नाही!

क्रॉनटॅब गुरू (ठरल्या वेळी कामं चालवायच्या ओळी तपासायला), रेजेक्स १०१ (मजकूर शोधायचे नमुने तपासायला) वगैरे नेहमीची हत्यारंही आहेत, ती तुला माहीतच आहेत.

पण खरं पत्र लिहायला बसलो ते तुझ्या गावामुळे. गेल्या महिन्यात आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कऱ्हाड' शोधलं की निम्म्याच ऑर्डरी दिसायच्या. दोन दिवस डेटाबेसला शिव्या घातल्या. शेवटी दोन नोंदी घेऊन एकेक अक्षर सुटं केलं. पहिलीत क, ऱ, हलन्त, ह, काना, ड असे सहा कोड, म्हणजे मशीन प्रत्येक खुणेसाठी ठेवतं ते आकडे. दुसरीत सात! तिथे नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ऐवजी साधा र, आणि हलन्तानंतर न दिसणारा एक जोडक, झेडडब्ल्यूजे. तो नसता तर र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसला असता. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड जुळी भावंडं, मशीनच्या लेखी मात्र एकमेकांना ओळखतही नाहीत. नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेल्या अक्षरांना एकच रूप देणं, करून पाहिलं, तरी एक होईनात. शेवटी मुकाट्यानं एका तऱ्हेची दुसरी करणारी एक ओळ प्रोग्राममध्ये लिहिली.

आणि गंमत म्हणजे याचं उत्तर माझ्याच अडगळीत होतं! युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना हे कोड देणाऱ्या मानकाच्या, देवनागरी तक्त्यात ऱ पुढे बारीक अक्षरांत टीप आहे, की याचं अर्धं रूप म्हणजे पापणीसारखा र, कऱ्हाडमध्ये ह च्या आधी दिसतो तोच. कधीतरी 'मजेशीर' म्हणून ठेवली आणि विसरलो. तिथे मूळ उपयोग द्रविड भाषांतल्या र साठी असा दिलाय. आपण मराठीवाले तिथे बिऱ्हाडकरूच.

फाईल जोडलीय. तिच्यात शेवटी कऱ्हाड दोन्ही तऱ्हांनी लिहून ठेवलंय. तुझ्या मशीनवर शोधून बघ आणि किती सापडतात ते कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या