सूचना: उड्डाणाचा खर्च प्रवाशांकडून घेण्याबाबत

पीपीएल (खासगी वैमानिक परवाना) असलेल्या सर्व सभासदांना कळकळीची विनंती: 'जुहूहून अर्ध्या तासाची चक्कर, इंधनाचा खर्च वाटून घेऊ' असे मेसेज ऑनलाइन टाकू नका. अमेरिकेत हे चालतं, असं काहीजण सांगतात. तिथे इंधन, तेल, विमानतळ शुल्क, विमानाचं भाडं वाटून घेता येतं, पण वैमानिकाला आपला समान वाटा भरावाच लागतो. वेबसाइटवरून प्रवासी गोळा करणं तिथल्या कोर्टानेही २०१५ साली 'फ्लायटनाऊ' या अशाच वेबसाइटच्या प्रकरणात अमान्य केलं. आपल्याकडे पीपीएलवर मोबदला घेऊन उड्डाण करताच येत नाही. कुणी जीपेवर 'फक्त इंधनाचे' म्हणून पाठवले, तरी परत करा. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते, आणि अनोळखी प्रवाशाला याची कल्पनाही नसते. हेच सर्वांत गंभीर. घरच्यांना, मित्रांना जरूर न्या, स्वखर्चाने. शंका असल्यास उड्डाणाआधी मुख्य प्रशिक्षकांना विचारा.

– सचिव