मंदे, गोधडी पिळू नकोस!

पुणे,
२५ सप्टेंबर २०२४

प्रिय मंदे,

तुझं पत्र परवाच मिळालं. वाचताना हसू आलं आणि पोटात गोळाही आला. हसू अशासाठी, की आयुष्यभर 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्या माणसांना नावं ठेवणारी तू आईची ट्रंक उघडून तिच्यापुढे फतकल मारून बसलीस. आणि गोळा शेवटच्या ओळीने आला. 'घट बसायच्या आत सगळं धुऊन टाकते, गोधडी मशीनमध्ये मावते आहे.' अगं बाई, मावतेय म्हणून घालायची नसते! फोन करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून हे लांबलचक.

आधी माझं पाप सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी आजीच्या दोन गोधड्या माझ्या वाट्याला आल्या. त्यातली एक मी पुढून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये घातली. वर 'जेंटल' असं लिहिलेलं बटण दाबलं आणि निर्धास्त चहा पीत बसले. तासाभराने दार उघडलं तर आत काळा-लाल चिखल. खणाच्या तुकड्यांचा लाल रंग पांढऱ्या धोतरावर उतरला होता, काळे तुकडे तर जागेवर नव्हतेच, त्यांचा नुसता लगदा दाराच्या रबरात अडकला होता. मधली शिवण वीतभर उसवलेली. आत्या तेव्हा आमच्याकडे होती. रागावली नाही ती. एवढंच म्हणाली, "आगं, म्हातारीला कुनी असं घुसळतं व्हय?" ते अजून लागतं मला.

काळे तुकडेच आधी का गेले, ते मला पुढे कळलं. जुन्या कापडांच्या संवर्धनाचं काम करणारी एक मुलगी ओळखीची झाली, तिने सांगितलं. जुन्या पद्धतीचा काळा रंग हिरडा आणि लोखंड यांचा. त्यातलं लोखंड वर्षानुवर्षं सुताला आतून खात राहतं. आणि गिरणीतला स्वस्त काळा बऱ्याचदा गंधकाचा असे, त्यातून दमट हवेत हळूहळू आम्ल तयार होतं आणि तेही कापसाला कुरतडतं. म्हणजे काळी चंद्रकळा कुठल्याही रंगाची असो, गोधडीत तीच पहिली विरते. तुझी गोधडी खाटेवर पसर, उजेडात बघ. काळ्या तुकड्यांवर बोट नुसतं टेकव, ओढू नकोस. भुसा पडला तर समज.

दुसऱ्या गोधडीला मी तीन वर्षं हातच लावला नाही, भीतीच बसली होती. मग एका मे महिन्यात धीर केला. तेव्हा जे केलं ते सांगते, त्यातलं तुला झेपेल तेवढं घे.

पहिल्यांदा धूळ. गोधडी झटकायची नाही, काठीने बडवायची तर मुळीच नाही. मच्छरदाणीचा तुकडा वर अंथरायचा, व्हॅक्यूम क्लीनरचा जोर अगदी कमी करायचा आणि जाळीवरून सावकाश फिरवायचा. जाळीमुळे सुटा धागा आत ओढला जात नाही. दोन्ही बाजूंनी केल्यावर पिशवीत जे निघालं ते बघून मला एवढी वर्षं त्याखाली झोपल्याची लाज वाटली.

मग रंगाची परीक्षा. पांढऱ्या कापसाचा बोळा ओला करायचा आणि प्रत्येक रंगावर, होय, प्रत्येक रंगावर, दोन मिनिटं दाबून धरायचा. मग तोच प्रकार साबणाच्या पाण्याने. बोळा रंगला तर ती गोधडी पाण्यात घालायचीच नाही, तिला धूळ काढून वारा दाखवायचा आणि गप्प बसायचं. माझ्या नशिबाने दुसरीचे रंग पक्के निघाले. एक हिरवा थोडा सुटला, तो एका कोपऱ्यातच होता, त्याच्याकडे काणाडोळा केला.

कापड कसलं आहे हेही बघ. कडेचा सुटा धागा काढून चिमट्यात धरून जाळ. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. केस जळल्याचा वास म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर टेरिलीन नाहीतर नायलॉन. रेशीम असेल तिथे कसलंही ब्लीच नको, तिथे रिठ्याचं पाणी. आमच्या आज्या पैठण्या रिठ्यानेच धुवायच्या ना, त्यात काही खुळचटपणा नव्हता.

आता धुणं. कोरडी गोधडी वजनकाट्यावर तीन किलोच्या आसपास भरली होती, ओली झाल्यावर आम्हा दोघींना उचलेना. खरी मेख इथे आहे. ओल्या सुताचं वजन टाक्यांवर येतं आणि टाके तुटतात. म्हणून आधी टबात एक जुनी चादर अंथरायची, तिच्यावर गोधडी सैल घड्या घालून ठेवायची आणि दर वेळी उचलायची ती चादर, गोधडी नाही. कोमट पाणी, सौम्य साबण अगदी थोडा. चोळायचं नाही, हाताच्या तळव्याने वरून दाबायचं, कणीक मळून झाल्यावर थापटतो तसं. पहिलं पाणी चहासारखं निघालं, दुसरं गवती चहासारखं. सात पाणी बदलली. साबण आत राहिला तर पुढे तोच पिवळा पडतो, त्यामुळे इथे आळस नको.

आणि पिळायचं नाही! मोठे टॉवेल खाली-वर घालून दाबायचं. मग गच्चीत, सावलीत, बाजेवर जुनी चादर घालून तिच्यावर आडवी. दोरीवर टाकलीस तर मधोमध सगळं वजन येतं. माझी पूर्ण वाळायला दीड दिवस लागला, तोही मे महिन्यात. म्हणून सांगते, आत्ता धुऊच नकोस. इथे पाऊस कोसळतोय, उद्या-परवा हस्त लागेल आणि हस्ताचा काही भरवसा नाही. गावाला घटाआधी बायका ओढ्यावर गोधड्या न्यायच्या ते मलाही आठवतं. दगडावर आपटून, सगळ्या काठावर वाळत टाकलेल्या, आणि आपण त्यांच्यावरून उड्या मारायचो. पण त्या रोजच्या वापरातल्या, दर दोन-चार वर्षांनी नव्याने शिवायच्या गोधड्या होत्या. आईची ही म्हातारी आहे. देवीला चालेल. ऑक्टोबर तापला की धू.

आता खरी गंमत सांगते. धुण्याआधी एक कोपरा उसवलेला होता, तिथून आत डोकावले. सगळ्यात वर सत्तरच्या दशकातलं मोठ्या फुलांचं पातळ, ते मला आठवत होतं, काकूचं. त्याखाली बाबांच्या टेरिलीनच्या शर्टाची पाठ. त्याखाली धोतर. आणि धोतराखाली पुन्हा बारीक धावदोरा! म्हणजे आत आणखी एक गोधडी होती. जुनी झाली तशी तिच्यावर नवी पांघरूणं घालून पुन्हा शिवलेली. त्या आतल्या गोधडीचा सगळ्यात खालचा पदर इरकली लुगड्याचा होता आणि त्यात मला दंड दिसला.

दंड आठवतो का तुला? लुगडं उठून-बसून मधोमध विरतं, पदर आणि दुसरं टोक मात्र धडधाकट असतं. मग विरलेलं मधलं कापून काढायचं आणि दोन चांगली टोकं जोडून शिवायची. कधी एका लुगड्याला दुसऱ्याचंच अर्धं जोडायचं. नेसल्यावर ती शिवण निऱ्यांत लपायची. तर त्या लुगड्याला आजीने, किंवा तिच्या सासूने, दंड घातला होता. इतके बारीक टाके, की आधी मला ती विणीचीच रेघ वाटली. बोट फिरवलं तेव्हा कळलं. म्हणजे ते कापड आधी लुगडं, मग दंडाचं लुगडं, मग गोधडी, मग गोधडीच्या पोटातली गोधडी.

त्या दिवसापासून 'मूळ रूपात जतन' वगैरे शब्द ऐकले की मला जरा हसू येतं. वस्तुसंग्रहालयाचं ठीक आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचं दालन बघून ये कधी, मंद उजेड का ठेवतात ते कळेल. प्रकाशाने रंग जातो आणि गेलेला रंग परत येत नाही. पण गोधडीचं मूळ रूप कुठलं धरायचं, सांग बरं?

दुरुस्ती करताना मात्र माझं आणि आत्याचं वाजलं. आत्या म्हणे, वरून एक नवीन सुती साडी घाल आणि शिवून टाक, हाय काय त्यात. आणि ती संवर्धनवाली म्हणे, एकही टाका असा घालू नका जो उद्या काढता येणार नाही. शेवटी मी दोघींचं अर्धं-अर्धं ऐकलं. विरलेल्या काळ्या तुकड्यांवर काळ्या नायलॉनची अगदी बारीक जाळी ठेवली आणि तिच्या कडा भोवतालच्या चांगल्या कापडात बारीक सुईने टाचल्या. तीन हातांवरून जाळी दिसत नाही, खालचा काळा दिसतो आणि भुसा पडायचा थांबला. उसवलेल्या शिवणी मूळ भोकांतूनच पुन्हा घातल्या, सुती दोऱ्याने. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो, ताण आला की दोरा राहतो आणि कापड चिरतं. आणि कडेला, जिथे गोट पार झिजला होता, तिथे आत्याच्या जुन्या साडीचा नवा गोट लावला. जुना काढला नाही, आत तसाच ठेवला. आत्याने कोपऱ्याची शेवटची शिवण बंद करायच्या आधी आत तांदळाचे चार दाणे टाकले. "उपाशी नको ऱ्हायला." संवर्धनवालीला मी हे सांगितलेलं नाही. तांदळाने किडा येतो म्हणाली असती, आणि तिचं खरंही आहे.

ट्रंकेतल्या तुझ्या आईच्या अभ्र्यांचं नि टेबलक्लॉथचं सोपं आहे. पांढरं सुती आहे, भरतकामाचे दोरे बोळ्याने तपासून घे. पक्के असतील तर सोडियम परकार्बोनेट आण. बादलीभर चांगल्या कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पूर्ण विरघळवून मग कापड भिजव, तीन-चार तास. घड्यांवरच्या पिवळ्या रेघा बऱ्याच जातात. क्लोरीनचं ब्लीच घरात असेल तर त्याचं झाकण उघडूच नकोस. सुताची ताकद जाते, आणि लोखंडाच्या डागावर पडलं तर तो डाग कायमचा बसतो. ट्रंकेचा गंज लागलेला असेल तिथे आधी लिंबू आणि मीठ, मग खळखळून पाणी, तेही सावलीत. एखादा डाग राहिला तर राहू दे. 'गुड नाईट' भरलेल्या अभ्र्यावरचा तेलाचा गोल डाग तुझ्या बाबांच्या डोक्याचा आहे, तो घालवून काय मिळवणार आहेस?

खळ मात्र काही झालं तरी घालू नकोस. खळीवर कसर येते. इस्त्री करून, कडक करून ठेवायची आपली सवय इथे नडते. वापरायला काढशील तेव्हा कर हवी तर. ठेवताना धुतलेल्या मलमलीत गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत नको, लाकडाला नि पत्र्याला थेट लागू देऊ नकोस, आणि दर चार-सहा महिन्यांनी घडी दुसरीकडे मोड. कापड पहिल्यांदा घडीवरच तुटतं. आत्ता कसर दिसत असेल तर आणखी एक उपाय आहे, तुझा नवरा ओरडेल. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात नव्हे, नीट उणे अठरा अंश असलेल्या. बाहेर काढल्यावर पुडकं लगेच सोडू नकोस, खोलीतल्या हवेइतकं होऊ दे, नाहीतर ओल धरते.

आता तुझा मुख्य प्रश्न, गोधडीतून मुलींना दोन जाकिटं शिवून द्यावीत का. सुनबाईने फोटो दाखवला म्हणालीस. बाजारात दिसतात, मीही बघते, छानच दिसतात. पण अख्खी गोधडी जाकिटासाठी फाडू नकोस. जी जागा पुढे झेपणारच नाही, चिंध्या झाल्यात, तेवढीच काढ, जशी दंड घालताना काढतात. माझ्या त्या मशीनमध्ये मेलेल्या गोधडीचं मी तेच केलं. जे दोन-तीन हात टिकलं होतं त्याचं भाचीच्या बाळाला दुपटं केलं, एक पट्टी भाकरीच्या टोपलीत घालायला ठेवली. दुपट्यावर लाल डाग आहेत माझ्या मूर्खपणाचे. बाळाला काय त्याचं, ते कोपरा तोंडात घालून झोपतं.

तर आत्ता एवढंच कर. गोधडी पसरून पाठपोट दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, आणि कडेला कुठे गिरणीचा शिक्का दिसतोय का बघ. मांजरपाटाच्या टोकाला असतो, उलट बाजूने. उसवलेला दोरा सापडला तर फेकू नकोस, पाकिटात घालून ठेव, मला बघायचाय किती पदरी आहे. आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्या आजच काढून टाक, मला पत्रालासुद्धा वास येतोय.

तुझी,
वसू